सुखरूप

नवऱ्याच्या माराला भिऊन चंद्रा लेकीला घेऊन अकलोलीहून निघाली, ती कामतघरच्या चाळीत येऊन लपली. सिम बदललं, शाळा बदलली, लेकीच्या वेणीची रिबनसुद्धा बदलली. पण गल्लीतल्या लूमच्या खडखडाटात मागची पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून नववीतली नेत्रा शाळेत जाताना दर वळणावर मान वळवून बघायची.

सोमवारी शाळेच्या गेटवर नवं यंत्र बसलं. कार्ड टेकवलं की ते टिंग वाजायचं, आणि मूल सुखरूप पोहोचल्याचा मेसेज शाळेच्या नावपत्त्यासकट पालकांच्या फोनवर जायचा.

“किती गं घाबरतेस,” बाई हसून म्हणाल्या. “आता तुझी राखण शाळा करते. जुन्या शाळेतून तुझी सगळी माहिती ऑनलाइन आलीय, तू नुसतं कार्ड लाव.”

नेत्रानं कार्ड लावलं. टिंग. त्या दिवशी पहिल्यांदाच ती खिडकीकडे न बघता धडा ऐकत बसली.

शाळा सुटली तेव्हा बाप गेटला टेकून उभा होता, हातात फोन घेऊन. “घाबरतेस कशाला, पोरी? तू पोचल्याचा मेसेज आला माझ्या फोनवर, म्हून तर आलो.”