छत तेवढं जुनं

“खालचं सगळं नवं आहे. छत तेवढं जुनंच ठेवलंय,” पुष्कर म्हणाला. विद्यापीठाची नवी इमारत दाखवायचं काम या सीनियर मुलाकडे दिलं होतं. पालकांनी आज्ञाधारकपणे माना वर केल्या.

शर्मिलाची वर गेलेली मान खाली येईना.

वर चुन्याचं मोठं फूल होतं. आठ पाकळ्यांतली एक निम्मी तुटलेली. शेजारी झुंबराचा गंजका हूक, आणि हुकापासून भिंतीपर्यंत गेलेली नागमोडी भेग. या इमारतीत शर्मिलाने आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि हे छत तर तिला तोंडपाठ होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिच्या नवऱ्याला, चेतनला, येरवड्याच्या सेंटरमधून दुसरीकडे हलवलं. “महापालिकेचा कुठलासा जुना हॉल आहे,” एवढंच त्याला सांगता आलं. असे हॉल शहरात ढिगाने. फोन मात्र रोज यायचा. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बायकोला दिसू नये म्हणून हा पठ्ठ्या कॅमेरा छताकडे करायचा. सहा दिवस ती स्वयंपाकघराचं दार लावून हे फूल बघत होती आणि त्याचा आवाज ऐकत होती. तेरा वर्षांच्या लेकीला, अक्षताला, यातलं काही कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

“महापालिकेचं छत आहे,” तो धापा टाकत म्हणाला होता. “माझ्या आधी हेच जाईल बघ.”

सातव्या दिवशी फोन आला तो थेट स्मशानातून, दुसऱ्याच कुणाचा. चेतन नेमका कुठल्या हॉलमध्ये गेला हे तिने वर्षभर विचारलं. कुणालाच सांगता येईना. मग तिने विचारणंच सोडून दिलं.

“महापालिकेचा हॉल होता हा,” पुष्कर सांगत होता. “लग्नं, प्रदर्शनं, मध्ये कोविड सेंटर. आता आपली डेटा लॅब!”

मध्ये. पोराने एका शब्दात उरकलं. बिचाऱ्याचा काय दोष?

“आई, मी हीच जागा धरणार. एसी समोरच आहे.”

अक्षता नेमकी फुलाखालच्या खुर्चीत जाऊन बसली होती. प्रवेश मिळाल्यापासून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. तिथून ऊठ, असं शर्मिलाच्या अगदी ओठांवर आलं. पण उठवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि ते आज, इथे, इतक्या लोकांत कसं सांगायचं?

अक्षताने मान मागे टाकली. भेग बघून नाक मुरडलं.

“वर बघितलंस का? माझ्या डिग्रीच्या आधी हेच जाईल बघ.”

शर्मिलाने टेबलाची कड घट्ट धरली. चेतनचं ते बोलणं तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच नाही. पुष्कर पुढच्या खोलीकडे बोलावत होता, पालक निघालेही होते. ती हळूच अक्षताच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने पुन्हा वर पाहिलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “ते नाही जात.”