दोन वाट्या

सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं, आणि शेडमध्ये जमलेल्या ऐंशी बायकांपैकी स्वप्नालीशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बेदाण्याचा हंगाम संपला होता. शालूबाईंनी सुकवणीच्या जाळ्या उतरवून, शेड धुऊन-पुसून तिथेच सुनेच्या डोहाळजेवणाचा घाट घातला होता. वरच्या लोखंडी अँगलला झोपाळा टांगला होता. त्यावर हिरव्या साडीत, मोगऱ्याचे दागिने घालून स्वप्नाली बसली होती. कोपऱ्यात साऊंड बॉक्स दणाणत होता. एरवी एवढ्या आवाजाने बाळाने पोटात धिंगाणा घातला असता. आज काहीच नाही.

पहाटे तिला वाटलं, झोपलं असेल. नऊ वाजता वाटलं, हलेल आता. मग बायका यायला लागल्या, कुणी गजरा माळला, कुणी ओटीत नारळ घातला, आणि सांगायचं राहूनच गेलं. आता सांगायचं म्हणजे भरल्या घरात अभद्र बोलायचं. शिवाय तोंडातून काढलं तर ते खरंच होऊन बसेल, अशी एक वेडी भीती तिला वाटत होती. म्हणून ती हसत होती. फोटोत ते हसू छान येत होतं.

"आता वाट्या आणा गं!" शेजारच्या बनुबाई ओरडल्या.

ताटात पालथ्या घातलेल्या चांदीच्या दोन वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. यावर कुणाचा विश्वास नसतो म्हणे, पण माना मात्र सगळ्यांच्या उंचावतात. शालूबाईंना दोन नाती होत्या. आजच्या वाट्या त्यांनी स्वतः, आतल्या खोलीचं दार लावून घेऊन भरल्या होत्या.

"उचल की गं पोरी. कुटलीबी उचल," शालूबाई म्हणाल्या. आज त्या फारच उदार झाल्या होत्या.

स्वप्नालीने हात पुढे केला. तो वाटीपाशी जाऊन अडला.

"घाबरलीया बगा!" कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

"आत्या," स्वप्नालीने सासूला हाक मारली. शालूबाई खाली वाकल्या. "आत्या, बाळ हलत न्हाई. सकाळपासनं."

शालूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आन ह्ये आत्ता सांगतीस?" त्या ओरडल्या, आणि लगेच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "त्ये गाणं बंद करा आदी! क्रांती कुटं हाय? ये क्रांती!"

गावची आशा सेविका क्रांती पंगतीतून उठून, हात पुसत धावत आली. दुखतंय का, अंगावरून काही गेलंय का, एवढंच तिने विचारलं. स्वप्नालीने दोन्हीला मानेनेच नाही म्हटलं.

"डाव्या कुशीवर निजवा हिला," क्रांती म्हणाली. "कायतरी ग्वाड द्या खायाला, लगीच. ग्वाड पोटात गेलं की हलतं कदी कदी. आन गाडी काढून ठेवा. हलू दे न्हाईतर न हलू दे, मिरजंला दवाखान्यात जायाचंच."

कुणीतरी साखर आणायला पळालं. शालूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी दोन हातांनी दोन्ही वाट्या उचलल्या आणि बाजूला भिरकावल्या.

दोन्हींखाली पेढेच होते.

ते सगळ्यांनी पाहिलं. एरवी शालूबाईंनी ही लबाडी मरेपर्यंत कुणाला कळू दिली नसती. आत्ता त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी एक पेढा सुनेच्या तोंडात कोंबला आणि तो गिळायच्या आत दुसरा. "खा. खा माजी बाय."

सतरंजीवर डाव्या कुशीला पडून स्वप्नाली चावत राहिली. दागिन्यांतली फुलं अंगाखाली चुरगळत होती. शालूबाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि पोटावर हात ठेवून राहिल्या. बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला. आत एवढ्या बायका होत्या, पण बांगडी वाजत नव्हती.

"पाच मिंटं झाली," क्रांती घड्याळ बघत म्हणाली.

स्वप्नालीने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"धा झाली. आता उटवा, निगूया."

"थांब जरा," शालूबाई म्हणाल्या. हात न काढता त्या पुटपुटत होत्या, "कायबी असू दे रं द्येवा. निस्तं असू दे."

बनुबाईंना मात्र राहवेना. त्या जवळ सरकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "शालू, दोन्हीकडं पेढंच कसं गं?"

शालूबाईंनी मान वर केली. डोळे वाहायला लागले होते, आणि पोटावरचा हात तसाच होता.

"हललं," त्या म्हणाल्या. "बनुबाई, हललं."