ना हरकत

तोमासीनं पत्र प्रशिक्षक सेलिनाबाईंसमोर ठेवलं. "मोठ्या देशानं बोलावलंय, बाई. त्यांच्याकडून धावायचं तर तुमची सही लागेल."

बेटावरच्या एवढ्याशा देशाचा संघ पुढच्या वर्षीच्या जागतिक क्रीडास्पर्धेची तयारी करत होता. संघात धावपटू तिघेच, आणि पदकाची आशा फक्त तोमासीकडून. नवव्या वर्षापासून बाईंनी त्याला वाळूवर पळवलं होतं. पण आता त्याचा गुडघा दुखावला होता आणि बेटावर धड डॉक्टरही नव्हता. तिकडे सगळे उपचार मिळणार होते.

बाईंनी सही केली. उसनं हसू आणून म्हणाल्या, "जा बाळा. गुडघ्याला जप."

त्यानं पत्राची घडी घातली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मला वाटलं होतं, तुम्ही अडवाल."