वर जायचं की खाली

"व्हिएन्नात दोन दिवस पुरतील की तीन?" विश्न्याने विचारलं आणि पेन दातात धरलं.

स्रेदोये आजोबा भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय विचारतेस? माझी पाठ दोन तास बसू देत नाही."

पाठ ही पाचवी अडचण. सोमवारपासून आजोबा रोज एक काढत होते. गुडघा, द्राक्षवेलींची छाटणी, बोटीवरचे अरुंद पलंग, आणि काल तर शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे कोण बघणार. शेजाऱ्याच्या!

वसंतात आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलांनी मिळून त्यांना डॅन्यूबवरची सफर भेट दिली होती. आखणीचं काम सोळा वर्षांच्या विश्न्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात मोठ्याने तीच बोलायची. भिंतीवर कांगारूंचं कॅलेंडर होतं. आजोबांचा भाऊ ऑस्ट्रेलियातून ते दरवर्षी पाठवायचा. त्यावर आजच्या शुक्रवारला तिने लाल गोल केला होता. सहाच्या आत फोन करून वर जायचं की खाली ते कळवायचं. वर म्हणजे प्रवाहाच्या उलट, बुडापेस्ट, ब्रातिस्लाव्हा, व्हिएन्ना. खाली म्हणजे बल्गेरिया, रोमानिया आणि शेवटी समुद्र. नाही कळवलं तर केबिन दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

आणि ल्युबिंका आजी सगळा जन्म सर्बियातल्या ग्रोत्स्कात, नदीच्या काठावर काढूनही एकदाही बोटीत बसली नव्हती. पांढरी प्रवासी बोट गेली की ती हातातली ओली चादर तशीच धरून उभी राहायची, बोट वळणाआड जाईपर्यंत.

विश्न्याला वरच जायला हवं होतं, कारण टेबलावर बावीस पोस्टकार्डं पसरली होती. लग्नानंतरची चार वर्षं आजोबा मालाच्या बोटींवर होते. मग विश्न्याच्या बाबांचा जन्म झाला आणि त्यांनी गोदीत नोकरी धरली. त्या चार वर्षांतली ही कार्डं. तिचा बेत झकास होता. प्रत्येक कार्डावरची जागा शोधायची, तिथे आजीला उभं करायचं, आजोबांनी फोटो काढायचा. एकच गोची होती. आजीने त्या काळी कुणा मास्तरांच्या संग्रहासाठी पोस्टाची सगळी तिकिटं कात्रीने कापून घेतली होती, त्यामुळे बुडापेस्टच्या पुलाला चौकोनी भोक पडलं होतं.

"'हवा छान आहे. तुझी आठवण येते,'" विश्न्याने एक कार्ड वाचलं. मग दुसरं. "'हवा ढगाळ. तुझी आठवण येते.' आजोबा, एवढी शहरं फिरलास आणि हवामान कळवलंस फक्त?"

"काम होतं मला. मिरवायला नव्हतो गेलो."

"बरं, व्हिएन्नात बोट लागायची कुठे? तिथूनच सुरुवात करू."

आजोबांच्या हातातली मिरची निसटून ताटलीत पडली. "सगळं बदललं असेल आता. मला नाही जायचं वर. झालं?"

"आजी, याची कुणीतरी बाई आहे बघ तिकडे."

"असती तर बरं झालं असतं," आजी चुलीजवळून म्हणाली. "चार मोजे तिनेही रफू केले असते."

आजोबा हसले नाहीत. आजीने त्यांच्यासमोर माशांच्या रश्शाची वाटी ठेवली. लालभडक, आत जाड शेवया. एवढा एकच पदार्थ घरात आजोबा करायचे, आणि आजसुद्धा त्यांनीच केला होता.

"हा तरी कुठे शिकलास? व्हिएन्नात?" विश्न्याने चिमटा काढला.

"अपातिनला. योझाकडून."

"हा कोण?"

"होता एक बोटीवर." आजोबांनी पाव मोडला. "भाऊ सीमा ओलांडून पळालेला, म्हणून याला देशाबाहेर जायचे कागद मिळत नसत. अपातिन आपल्या बाजूचं शेवटचं बंदर. तिथे पोलीस त्याला उतरवून घ्यायचे. आम्ही पुढे जाऊन येईस्तोवर तीन-तीन आठवडे एका खोलीत. मासे शिजवायचा, नदीकडे बघायचा. येताना त्याला काय हवं ते आणून द्यायचो."

"बिचारा," विश्न्या म्हणाली. खरंच वाटलं तिला. मग घड्याळ बघितलं. पावणेसहा. "आजी, आता तूच सांग याला."

आजीने हात पुसले आणि खुर्ची ओढली. "वर नको," ती म्हणाली.

विश्न्याचं तोंड उघडंच राहिलं. "पण कार्डं?"

"म्हाताऱ्याने सगळं पाहिलंय तिकडचं. मी नवखी. दर पुलापाशी मला शिकवत बसेल, जेवण गोड लागायचं नाही. खाली जाऊ. तिकडे दोघंही अडाणी. काय रे म्हाताऱ्या, पाठ जमवेल का?"

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. पाच दिवस कानाशी चढलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"खाली प्रवाह बरोबर असतो," ते म्हणाले. "पाठीला हिसके बसत नाहीत."

"आणि गुडघा? द्राक्षवेली?"

"छाटणी लवकर उरकेन."

"कुत्रं?"

"कुत्रं शेजाऱ्याचं आहे, विश्न्या. त्याचा तो बघेल."

विश्न्याने फोन लावला. सहाला सात मिनिटं असताना केबिन नक्की झाली, खिडकीची. आजीने एकदाच डोळ्यांना पदर लावावा तसा कमरेला खोचलेला फडका लावला आणि लगेच भांड्यांकडे वळली. आजोबा शीळ घालत अंगणात गेले, बॅग शोधायला. सफरीला अजून सहा महिने होते.

"त्याच्या कोटाचं बटण तुटलंय," आजी म्हणाली. "कपाटातला डबा आण, आत्ताच लावते."

विश्न्याने डबा आणला आणि तपकिरी बटण शोधत सगळी बटणं टेबलावर ओतली. तळाशी एक पाकीट चिकटलं होतं. त्यातून कागदाचे चौकोनी तुकडे पडले. मास्तरांना दिलेली तिकिटं. तिने एक उचलून बुडापेस्टच्या पुलावर ठेवलं. भोकात चपखल बसलं.

"आजी, ही तर इथेच आहेत की."

आजी सुईत दोरा ओवत होती. "परत ठेव," ती शांतपणे म्हणाली. "आणि झाकण घट्ट लाव. तो येईल आत."

विश्न्याने तिकिटं गोळा केली. बावीस होती. पाकिटात टाकताना तिने एकेकावरचा पोस्टाचा शिक्का वाचला. अपातिन. अपातिन. अपातिन.