अक्काचा प्रोसेसर

अक्का वारल्यावर तिचं मन नलिनीच्या घरच्या लिनक्स डेस्कटॉपवर उतरवलं, त्याला दोन वर्षं झाली होती. हल्ली संध्याकाळी अक्का फार अडखळत बोलायची, म्हणून धाकट्या बहिणीने, नलिनीने, दसपट वेगाचा प्रोसेसर मागवला. तो बसवण्याआधी दुरुस्तीवाल्या फारूकने आठवडाभर जुन्या प्रोसेसरवरचा ताण नोंदवून घेतला.

"ताई, तुम्ही ऑफिसला गेलात की हा दिवसभर शंभर टक्के चालतो," आलेख दाखवत तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तापून मंदावतो."

"घरात कुणी नसताना अक्का करते तरी काय?"

फारूकने आलेखावर बोट ठेवलं. "घड्याळ बघतात. सेकंदाला चारशे वेळा."

नलिनीने नव्या प्रोसेसरचं खोकं पुढे ओढलं. "नव्या प्रोसेसरवर थांबेल ना हे?"

"वेग वाढेल, ताई. आपला एक तास त्यांना दहा तासांसारखा जाईल."

नलिनीने खोकं न उघडताच त्याच्या हातात परत दिलं. "आहे तोच जितका हळू करता येईल तितका करा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्याआल्या ती डेस्कटॉपसमोर बसली. "अक्का, आले गं."

उत्तर यायला पाऊण तास लागला. तोवर नलिनी जागची हलली नाही.

"अगंबाई, इतक्यात आलीस?"