लॉटी फर्थची साखळी

"साखळी खोटी आहे, म्युरिएल. मांडू नकोस, हसं होईल," ऑग्डेननं चष्मा पुसत निकाल देऊन टाकला.

म्युरिएलचा चेहरा पडला. बायकांच्या मताधिकारासाठी भांडलेल्यांचे बिल्ले, पट्टे, टवके उडालेल्या कपबश्या यांनी तिचं घर गच्च भरलं होतं. पण जीव अडकला होता तो या साखळीत. पन्नासएक वर्षांपूर्वी लॉटी फर्थनं गावच्या टाउन हॉलच्या कठड्याला स्वतःला जखडून भाषण ठोकलं होतं, ते याच साखळीनं. आज वाचनालयातल्या प्रदर्शनात ती मधोमध मांडायची होती.

"खोटी कशावरून?"

"तेव्हाचं वर्तमानपत्र वाच. हवालदारानं करवतीनं साखळी कापली, तेव्हा कुठे लॉटी सुटली. तुझी तर अखंड आहे! नुसते ओरखडे. कुलूपसुद्धा बंद."

बिचारीनं साखळी पुन्हा उलटसुलट करून पाहिली. ऑग्डेन स्वतः इतक्या जुन्या वस्तू जमवणारा माणूस, तो उगाच कशाला बोलेल?

तेवढ्यात खुद्द तो हवालदारच काठी टेकत आला. सॅम क्लेग. पार म्हातारा, पण मिशांना पीळ आणि जाकिटावर घड्याळाची चेन. चहा-केक मांडणाऱ्या बायकांना आयतंच गिऱ्हाईक मिळालं.

"काय हो आजोबा, साखळी कापत होता की खाजवत होता?"

"मूठभर माणसं होती म्हणे आधी. तुमची करवत संपेपर्यंत अख्खा चौक भरला!"

"धारच नव्हती गं करवतीला," म्हातारा मिशीत हसला. "साहेबांनी गाढव म्हटलं. बढती गेली ती गेलीच."

"बरं, वाजले किती ते तरी सांगा."

त्यानं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. "तीन."

म्युरिएलला हसू येईना. तिनं साखळी त्याच्यापुढे धरली.

"आजोबा, खरं सांगा. हीच का ती? नसेल तर आत्ता पिशवीत घालते."

त्यानं हलकेच बोट फिरवलं. "ओरखडे माझेच आहेत, पोरी."

"मग कापल्याची खूण कुठे आहे?" ऑग्डेननं टोकलं.

म्हाताऱ्यानं जाकिटाच्या खिशातून चेन ओढली. तिच्या टोकाला घड्याळ नव्हतं, एक लहानशी किल्ली होती. त्यानं ती कुलपात फिरवली. कुलूप खट्कन उघडलं.

"त्या दिवशी सकाळीच लॉटीनं ही माझ्या हातात ठेवली होती. म्हणाली, 'माझं बोलून होईपर्यंत सापडू देऊ नकोस हं, सॅम.'"