बॅकअपमधलं बाळ

टुडुंग.

दुपारच्या निजानिजेत कॉम्प्युटरचा तो आवाज घरभर ऐकू गेला. डिस्क जोडली गेली होती. निकितानं श्वास रोखला. चार-पाच क्षण गेले आणि पुन्हा टुडुंग, या वेळी उतरता. स्क्रीनवर नेहमीची पाटी आली: बॅकअप अपूर्ण.

"आलं का माझं बाळ?" सृष्टीनं विचारलं. पहिलीतली पोर टेबलाला हनुवटी टेकवून उभी होती.

"येतंय. लाजायलंय जरा."

उद्या शाळेत तक्ता लागणार होता. सगळ्या वर्गाचे बाळपणीचे फोटो चिकटवून झाले होते, एकच चौकोन रिकामा होता. "तू बाळ नव्हतीसच, एकदम एवढीच निघालीस," असं पोरांनी चिडवलं, तेव्हापासून सृष्टी डबा तसाच परत आणत होती. निकिताच्या नवऱ्याचा, ओमप्रकाशचा, जुना फोन पूर्णा जंक्शनात रुळांवर पडून गेला, जुना कॉम्प्युटर विजेनं गेला. राहिली ही एक डिस्क. ड्युटीवर निघताना तो एवढंच म्हणाला होता, "बघ, निघाला तर. तिचा एकटीचा असंल तो घे."

निकिता घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम लावून द्यायची. असली दुखणी तिच्या ओळखीची होती. तिनं आधी डिस्कची तपासणी लावली. डिस्क टिकली तेवढ्या वेळात निकाल आला: तब्येत उत्तम, खराब जागा शून्य.

"हिला काही झालेलंच नाही," ती पुटपुटली. केबल बदलली. मागच्या पोर्टला लावून पाहिलं. तरी तेच. मग तिनं मोबाईलचा टॉर्च लावून डिस्कच्याच खाचेत डोकावलं आणि तिला हसूच फुटलं. आत लालभडक.

"मामी, अहो मामी!"

आतल्या खोलीत सासूबाई, दगडाबाई, कुशीवर वळल्या. "काय गं? काय करायलीस?"

"ह्या डिस्कला कुंकू कुणी लावलं? दसरा तर पुढं आहे अजून. यंत्रांची पूजा आत्ताच उरकली का?"

दगडाबाई उठून बसल्या. "मीच लावलं बाई. पितरपाटातल्या अविधवा नवमीला. हळद बी वाह्यली."

"नाक चोंदलंय तिचं त्यानं."

"मग ऱ्हाऊ दे की. लय उकरू नगंस. नाजूक चीज हाय."

"न उकरता पोरीचा फोटो कसा निघंल?"

दगडाबाईंनी नातीकडं पाहिलं, पदर सारखा केला. "एकच काढ मग."

निकितानं जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवला. खाचेतून कुंकवाचा कण न् कण काढताना तिनं सहज विचारलं, "मामी, हिला पहिला दात कधी आला हो?"

"सातव्या म्हैन्यात. खालचा. लय चावायची."

"आजी, मी तुला चावले का?"

"मला? ह्या बोटाला बघ, अजून वण हाय."

"खोटं!" सृष्टी खिदळली. दोन दिवसांनी घरात तो आवाज आला होता.

खाच वाळल्यावर निकितानं केबल लावली. टुडुंग. दिवा लागला तो लागलाच. बॅकअप सुरू झाला, एक टक्का, दोन, नऊ.

"पळ, शेजारून डिंक आण," निकिता म्हणाली. पोर उंबरा ओलांडून गेली तशी तिनं घाईनं फोल्डर उघडलं. दुसऱ्याच फोटोत झोळीतलं बाळ. गालावर तीट, हनुवटीवर लाळ आणि तोंडात खालचा एकच दात. निकितानं स्क्रीनवर बोट ठेवलं, त्या दाताशी. मग प्रिंट दिली.

प्रिंटरनं कागद पुढं सरकवला तोवर सृष्टी धापा टाकत आलीच. "हे मी? आजी, बघ ना, मी बाळ होते!"

"तर! काय ढोली होतीस," दगडाबाई म्हणाल्या, आणि आजी-नात दोघी हसत सुटल्या. निकिता कागदाच्या कडा कापायला कात्री शोधू लागली. संध्याकाळी पोरीच्या आवडीचा शिरा करायचा, हेही तिनं मनात ठरवून टाकलं.

"अजून आहेत?" म्हणत सृष्टीनं बाणाचं बटण दाबलं.

याच घराचा ओटा. हिरवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, मांडीवर तेच बाळ आणि बाळावर ओणवून हसणारा एक कोवळा चेहरा.

दगडाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. निकिताच्या हातात कात्री तशीच राहिली. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सृष्टी अडीच वर्षांची होती. तीही हा चेहरा पहिल्यांदाच पाहत होती.

सृष्टीनं बराच वेळ स्क्रीनकडं पाहिलं. मग मागं वळून तिनं निकिताचा पदर धरला.

"आई, ही मला घेऊन बसलीय. तू तवा कुठं गेलतीस?"